एक खुर्ची आणि सात खुर्च्या

मागच्या आठवड्यात एका ग्रुपवर जोरदार वाद झाला. एकाने लिहिलं की अमेरिका वाट्टेल त्या देशावर वाट्टेल तेवढं टॅरिफ (आयात शुल्क) लावतेय आणि डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, प्रमुख असलेल्या त्या बाई नुसती भाषणं देत फिरतायत, काढा त्यांना आणि कुणीतरी खमका माणूस बसवा तिथे. त्यावर धडाधड अंगठे. मी उत्तर टाइप करायला घेतलं, दोनदा खोडलं, मग लक्षात आलं की हे तिथे मावणारं प्रकरण नाही. म्हणून इथे लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

खमका माणूस बसवा हे ठीक आहे, पण त्या महासंचालकाच्या खुर्चीत आहे काय?

२०२०-२१ मध्ये ती खुर्ची चांगली सहा महिने रिकामी होती. तेव्हाचे महासंचालक, ब्राझीलचे रोबेर्तो आझेवेदो, मुदत संपायला वर्षभर असतानाच राजीनामा देऊन ३१ ऑगस्ट २०२० ला निघून गेले, पुढे पेप्सिकोत मोठ्या हुद्द्यावर लागले. मागे चार उपमहासंचालक होते. त्यातल्या एकाला हंगामी प्रमुख नेमायचं, बास एवढंच काम, तर त्यावरही देशांचं जमेना. अमेरिकेला चौघातला अमेरिकन हवा, बाकी काहींना तोच नको. शेवटी चौघांनी मिळून गाडा हाकला. कोविडचं वर्ष, सगळ्या जगाचा व्यापार उलटापालटा झालेला, आणि व्यापाराचे नियम सांभाळणाऱ्या संस्थेला डोकंच नाही. आणि खरं सांगू का, त्या खुर्चीमुळे फारसं काही अडलं नाही. जहाजं चालू होती, कंटेनरचे भाव चढत होते, कस्टम्सवाले आपले शिक्के मारत होते.

नवा प्रमुख निवडायची जी पद्धत आहे ना, ती तर वाचण्यासारखी आहे. जनरल कौन्सिलचा, म्हणजे सगळ्या सभासद देशांच्या बैठकीचा, अध्यक्ष (तेव्हा न्यूझीलंडचे डेव्हिड वॉकर होते) आणि सोबत आणखी दोन समित्यांचे अध्यक्ष एका खोलीत बसतात, मग एकेका देशाचा राजदूत आत येतो, आमची पसंती अमुक अमुक म्हणून सांगतो आणि बाहेर जातो. पुढचा. याला तिथे कन्फेशनल म्हणतात, चर्चमध्ये पापाची कबुली देतात तसं. कुणाला किती पसंती मिळाली ते आकडे बाहेर काढत नाहीत. मतदान नाही. फक्त कुणाच्या नावावर सगळ्यांचं जुळेल याचा अंदाज घ्यायचा आणि बाकीच्यांना गोडीत सांगायचं की बाबांनो आता तुम्ही थांबा. असं करत करत आठ उमेदवारांचे पाच झाले, पाचाचे दोन झाले, नायजेरियाच्या न्गोझी ओकोन्जो-इवेला आणि दक्षिण कोरियाच्या यू म्युंग-ही. २८ ऑक्टोबर २०२० ला वॉकर यांनी सांगितलं की न्गोझी यांच्या नावावर एकमत व्हायची शक्यता सगळ्यात जास्त आहे. आणि एकट्या अमेरिकेने हात वर केला, आम्हाला मान्य नाही. झालं, सगळं ठप्प. मग अमेरिकेत निवडणूक झाली, ट्रम्प जाऊन बायडन आले, यू म्युंग-हींनी माघार घेतली आणि १५ फेब्रुवारी २०२१ ला ज्या नावावर ऑक्टोबरमध्येच सगळे तयार होते तेच नाव पक्कं झालं. पहिल्या महिला आणि पहिल्या आफ्रिकन महासंचालक. बातम्यांत ते कौतुक भरपूर झालं आणि व्हायलाच हवं होतं, पण त्याच बातमीतली खरी गोष्ट ही होती की एका देशाने साडेतीन महिने सगळ्यांना ताटकळत ठेवलं आणि नियमात ते बसत होतं.

दुसऱ्या वेळी मात्र सगळे शहाणे झाले. न्गोझींची पहिली मुदत ऑगस्ट २०२५ पर्यंत होती, पण आफ्रिकी देशांनी प्रक्रिया लवकर उरका म्हणून लकडा लावला, दुसरा उमेदवारच नव्हता, आणि २९ नोव्हेंबर २०२४ ला त्यांची फेरनिवड होऊनही गेली. तारीख बघा. ट्रम्प निवडणूक जिंकले होते पण शपथ जानेवारीत होती. उघडपणे कुणी काही बोललं नाही, पण कॅलेंडर सगळ्यांकडेच असतं.

बरं आता खुर्चीत बसल्यावर काय काय करता येतं? कुठल्या देशाला दंड करता येत नाही. टॅरिफ मागे घ्या असा हुकूम काढता येत नाही. कुणावर केससुद्धा महासंचालकाला करता येत नाही, ती दुसऱ्या देशानेच करायची असते. एवढंच काय, नवा नियम सुचवायचा तर तोही कुठल्यातरी सभासद देशाच्या तोंडून यावा लागतो. तिथले लोक अभिमानाने सांगतात की आमची संस्था मेंबर-ड्रिव्हन आहे, म्हणजे गाडी सभासद चालवतात. आता १६६ सभासद आहेत. १६६ जण स्टिअरिंगला आणि प्रत्येकाच्या पायाखाली स्वतंत्र ब्रेक, अशी ती गाडी. महासंचालक म्हणजे वर्गाचा मॉनिटर, आणि तोही असा की दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला हातात खडू नाही.

म्हणून ग्रुपवरच्या त्या मित्राला माझं म्हणणं असं की तू चुकीच्या खुर्चीकडे बघतोयस. एक खुर्ची सहा महिने रिकामी राहिली तर गाडा चालला. दुसरीकडे सात खुर्च्या आहेत, त्या कधीच्या रिकाम्या झाल्यात आणि तिथे खरोखर अडलंय.

त्या सात खुर्च्या म्हणजे अपील मंडळ, अपेलेट बॉडी. हे नीट सांगतो कारण डब्ल्यूटीओत सुधारणा करा, सुधारणा करा म्हणून जो जप चालतो त्याचा अर्धा अर्थ इथे आहे.

जुन्या गॅटच्या, म्हणजे डब्ल्यूटीओच्या आधीच्या व्यापार कराराच्या काळात, १९४८ पासून १९९४ पर्यंत, दोन देशांत भांडण झालं की तज्ज्ञांचं पॅनल बसायचं, निकाल द्यायचं, आणि तो निकाल मंजूर व्हायला सगळ्यांची संमती लागायची. सगळ्यांची म्हणजे हरलेल्या देशाची पण! आरोपीनेच निकालावर सही करायची म्हणजे झालंच. १९९५ ला डब्ल्यूटीओ आली तेव्हा हे बरोब्बर उलटं केलं. निकाल आपोआप मंजूर, फक्त सगळ्यांनी मिळून नको म्हटलं तरच तो पडणार, आणि जिंकलेला देश कशाला नको म्हणेल. मला विचाराल तर गेल्या शंभर वर्षांत आंतरराष्ट्रीय कायद्यात झालेल्या सगळ्यात हुशार युक्त्यांपैकी ही एक. पण निकाल आपोआप मंजूर होणार म्हटल्यावर देश घाबरले, पॅनलने चूक केली तर काय, म्हणून वर अपीलची सोय ठेवली. सात जण, प्रत्येकी चार वर्षं, एकदा मुदतवाढ, एका केसला तिघं बसणार. आणि कलम असं घातलं की अपील चालू असेपर्यंत खालचा निकाल मंजूर करायचा नाही. तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसेल की वर कुणी बसलेलंच नसेल तर काय होईल.

तेच झालं. सात जणांची नेमणूक एकमताने करायची असते. अमेरिकेने २०१७ पासून नवीन नेमणुका अडवायला सुरुवात केली. (ट्रम्प ट्रम्प म्हणून सगळं त्यांच्या नावावर टाकू नका, २०१६ मध्ये ओबामांच्या काळातच एका कोरियन सदस्याची फेरनेमणूक अमेरिकेने रोखली होती, आणि बायडन आल्यावरही अडवणूक संपली नाही.) एकेकाची मुदत संपत गेली, डिसेंबर २०१९ मध्ये फक्त एक सदस्य उरला, म्हणजे तिघांचं बेंच बसणंच शक्य नाही, आणि ३० नोव्हेंबर २०२० ला त्या शेवटच्या सदस्य झाओ हाँग याही मुदत संपून गेल्या. सात खुर्च्या, सातही मोकळ्या.

आता कल्पना करा तुम्ही केस हरलात. काय कराल? अपील. ते ऐकायला कुणी नाही. म्हणजे अपील कायम पेंडिंग. म्हणजे निकाल कधीच मंजूर नाही. १९९५ मध्ये पुढच्या दारातून हाकललेला व्हेटो मागच्या दाराने परत आत. याला अपील इन्टू द व्हॉइड म्हणतात, पोकळीत केलेलं अपील.

आणि या पोकळीत कोण कोण गेलं बघा. निकेलची निर्यातबंदी हरल्यावर इंडोनेशिया गेला. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमवरच्या टॅरिफच्या केसेस डिसेंबर २०२२ मध्ये हरल्यावर अमेरिका स्वतः गेली, म्हणजे ज्या कोर्टात न्यायाधीश बसू देत नाही त्याच कोर्टात अपील! आणि भारतही गेलाय. निर्यात सबसिडीची केस २०१९ मध्ये अमेरिकेविरुद्ध हरलो, अपील. साखरेची केस ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाविरुद्ध हरलो, अपील. मोबाइल आणि इतर इलेक्ट्रॉनिक मालावरच्या आयात शुल्काची केस, परत अपील. आपण एकीकडे म्हणतो अपील मंडळ सुरू करा, तेही मनापासून म्हणतो, आणि दुसरीकडे ते बंद असल्याचा फायदाही घेतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळेच घेतायत, पण निदान ग्रुपवर अमेरिकेला शिव्या घालताना हे माहीत असावं.

अमेरिकेची तक्रार अगदीच खोटी आहे असंही नाही हां. नियमात अपील ९० दिवसांत उरकायचं असं स्पष्ट लिहिलंय आणि पुढे पुढे ते सर्रास ओलांडलं जायचं. मुदत संपलेले सदस्य जुन्या केसेस पूर्ण करत बसायचे. मंडळाचे स्वतःचे जुने निकाल जणू बंधनकारक पायंडा असल्यासारखे वापरले जायचे. आणि चिनी सरकारी कंपन्यांना सरकारचा भाग मानायचं की नाही यावर २०११ मध्ये जो अर्थ लावला गेला तो अमेरिकेला जिव्हारी लागला. यातल्या बऱ्याच गोष्टी बाकीच्या देशांनाही खासगीत पटतात. पण ९० दिवसांचा नियम मोडला म्हणून कोर्टच बंद पाडायचं हे जरा जास्तच होतंय.

युरोपियन युनियन, चीन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्राझील वगैरेंनी मग एप्रिल २०२० मध्ये आपापसात एक पर्यायी लवाद उभा केला, एमपीआयए नावाचा. नंतर जपान आला, २०२५ मध्ये ब्रिटन आलं. त्याची पहिली केस कशावर होती माहितीये? फ्रोझन फ्राइज. युरोपातून येणाऱ्या बटाट्याच्या फ्राइजवर कोलंबियाने ड्युटी लावली होती त्याचं भांडण. आणि तो निवाडा ९० दिवसांच्या आत लागला! ज्या मुदतीवरून अमेरिका इतकी वर्षं भांडली ती अमेरिका नसलेल्या लवादाने पाळून दाखवली. भारतही त्यात नाही, तेही सांगितलं पाहिजे.

आता मूळ दुखणं, एकमत.

डब्ल्यूटीओत एकमत म्हणजे सगळ्यांनी हो म्हणणं नाही. मीटिंगला हजर असलेल्या कुणीही औपचारिक हरकत घेतली नाही की झालं एकमत. मौनं संमतिलक्षणम् हे आपण लग्नाच्या बोलण्यात वापरतो ते तिथे अधिकृत नियम आहे. ऐकायला फार सभ्य. पण उलट बाजू अशी की एकाने जरी तोंड उघडलं की संपलं. करारात मतदानाची सोय कागदावर आहे, पण ती वापरायला सगळे घाबरतात, कारण आज अमेरिकेला मतदानाने हरवलं तर उद्या अमेरिका राहील का, आणि परवा आपल्याला हरवलं तर?

मी बराच काळ या एकमताच्या विरोधात होतो. मग एकदा तांदळाचा हिशोब वाचला आणि थोडा गप्प झालो. शेतकऱ्याकडून हमीभावाने धान्य घेऊन साठवलं तर त्यात सबसिडी किती धरायची? नियम म्हणतो, हमीभाव आणि एका ठरलेल्या जुन्या किमतीतला फरक. ती जुनी किंमत कुठली, तर १९८६ ते ८८ ची! तेव्हाच्या भावाशी आजचा हमीभाव लावून बघा, फरक डोंगराएवढाच येणार. विकसनशील देशाला मर्यादा उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के. २०१८-१९ च्या तांदळाचं भारताने स्वतःच कळवलं, उत्पादन ४३.६७ अब्ज डॉलरचं आणि सबसिडी ५ अब्जाची, म्हणजे मर्यादा पार. तरी कुणी केस का करू शकत नाही? कारण २०१३ च्या बालीच्या परिषदेत भारत अडून बसला आणि पीस क्लॉज, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी केस करायची नाही अशी हमी, मिळवला, आणि २०१४ च्या जुलैमध्ये कस्टम्स सोपे करण्याचा करार आधी हो म्हणून मग भारतानेच अडवला तो यासाठीच, की हा क्लॉज कायमचा तोडगा निघेपर्यंत चालू राहील हे लिहून द्या. नोव्हेंबरमध्ये लिहून मिळालं. मतदान असतं तर मिळालं असतं? कुणास ठाऊक, पण मी पैज लावणार नाही.

म्हणजे तोच व्हेटो आपल्या हातात असला की ढाल आणि दुसऱ्याच्या हातात असला की अडवणूक.

पण मग त्याच ढालीचा अतिरेकही दिसतो. गुंतवणुकीची कागदपत्रं, परवाने सोपे करायचा एक करार आहे, १२० हून जास्त देशांना तो हवाय, त्यातले बहुतेक विकसनशील, ज्यांना नको त्यांच्यावर बंधन नाही. तरी २०२४ मध्ये अबू धाबीच्या मंत्रिपरिषदेत तो डब्ल्यूटीओच्या चौकटीत घ्यायला भारताने हरकत घेतली. कारण तत्त्वाचं दिलं, की काही देशांनी आपापसात करार करून मागच्या दाराने आणायची प्रथा पडेल. मुद्दा आहे त्यात. पण त्यातल्या एवढ्या गरीब-मध्यम देशांना तुम्ही तुमच्यापुरतंही करू नका म्हणणं, आणि मग ग्लोबल साऊथचं नेतृत्व आमचं म्हणणं, हे मला काही केल्या जुळवता येत नाही. कुणाला जुळत असेल तर कमेंटमध्ये समजावा, खरंच ऐकायचंय.

उलटंही घडलंय. कोविडच्या लशींचे पेटंट तात्पुरते सैल करा हा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये मांडला. श्रीमंत देशांनी तो घोळत घोळत जून २०२२ पर्यंत नेला, तोवर लशी पडून राहायला लागल्या होत्या, आणि जे हाती आलं ते मूळ मागणीचं सुकलेलं रूप होतं.

त्या जून २०२२ च्या परिषदेचीच गोष्ट सांगतो, कारण मॉनिटरला काय करता येतं ते तिथे दिसलं. चार दिवसांची परिषद, जिनिव्हात सरोवराकाठी. चौथा दिवस उलटला, काही ठरलेलं नाही. न्गोझींनी परिषद संपवलीच नाही. पाचवा दिवस, रात्र, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, या मंत्र्याला त्यासमोर बसव, मासेमारीवाल्याला थोडं दे, धान्यवाल्याकडून थोडं घे. १७ जूनला पहाटे हातोडा पडला. मासेमारीच्या सबसिडीचा करार झाला, जो २००१ पासून लटकत होता, म्हणजे एकवीस वर्षं! २००८ च्या जुलैमध्ये तेव्हाचे महासंचालक पास्कल लामी यांनी याच शहरात नऊ दिवस असंच सगळ्यांना बसवून ठेवलं होतं आणि ते सगळं शेती आयात अचानक वाढली तर शुल्क किती वाढवता यावं या एका मुद्द्यावर फुटलं. माणसं दोन्हीकडे तयारीची होती. न्गोझींना तडजोडीला तयार देश सापडले, लामींना नाही सापडले.

आणि करार झाला म्हणजे लागू झाला असं नाही. दोन तृतीयांश सभासदांनी आपापल्या देशात मंजूर करून कागद पाठवायला १५ सप्टेंबर २०२५ उजाडलं. शिवाय त्यात एक टाइमबॉम्ब आहे, लागू झाल्यापासून चार वर्षांत उरलेले नियम ठरले नाहीत तर जनरल कौन्सिलने वेगळं काही ठरवल्याशिवाय अख्खा करार रद्द. उरलेल्या नियमांवर अबू धाबीत काही जमलं नाही.

त्याच २०२२ च्या परिषदेत सगळ्या मंत्र्यांनी लिहून दिलं होतं की २०२४ पर्यंत तंटे सोडवायची व्यवस्था पूर्ण सुरू करू. ग्वाटेमालाचे मार्को मोलिना यांनी राजदूतांना बाजूला ठेवून खालच्या अधिकाऱ्यांना, ज्यांना खरंच केसेस कळतात त्यांना, एकत्र बसवलं आणि २०२४ च्या सुरुवातीला मसुदा तयारही केला. पॅनल, मुदती, मध्यस्थी, सगळं व्यवस्थित. फक्त अपीलच्या जागी मोकळी जागा. म्हणजे ज्यासाठी लग्न काढलं तो नवराच नाही. २०२४ आलं आणि गेलं. २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने जवळपास सगळ्या जगावर टॅरिफ जाहीर केले, देशागणिक वेगळे, म्हणजे सगळ्यांना सारखी वागणूक हे गॅटचं पहिलंच कलम बाजूला ठेवून. नंतर नॉर्वेचे राजदूत पेटर ओल्बर्ग यांच्याकडे सुधारणेच्या चर्चेची सूत्रं दिली. चीनने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की यापुढच्या वाटाघाटींत विकसनशील देश म्हणून नव्या सवलती मागणार नाही, जे अमेरिकेचं जुनं गाऱ्हाणं होतं. वाटलं त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे ही, पण तोवर तिकडे ऐकायच्या मूडमध्ये कुणी नव्हतं.

एवढं सगळं होऊनही २०२५ मध्ये न्गोझी सांगत होत्या की जगातला सुमारे ७२ टक्के माल अजूनही डब्ल्यूटीओच्या सारख्या वागणुकीच्या नियमांनीच फिरतोय, आधी ८० च्या आसपास होता. ग्रुपवरच्या मित्राला हेच त्या बाईंचं भाषण वाटत असणार. मला ते भाषण कमी आणि घरातलं काय काय शाबूत राहिलंय याची मोजणी जास्त वाटली.

आणि त्या सात खुर्च्या? तंटा समितीच्या मीटिंगमध्ये अजेंड्यावर तो विषय पुन्हा पुन्हा येत राहतो. १३० देशांच्या वतीने, अलीकडे कोलंबिया, उठून प्रस्ताव मांडतो की अपील मंडळाची निवड सुरू करूया. अमेरिका सांगते की आम्ही पाठिंबा देऊ शकत नाही, आमचे आक्षेप कायम आहेत. मग वीसेक देश एकामागून एक खेद व्यक्त करतात, त्यात आपणही असतो. हे ८० हून जास्त वेळा झालंय. अध्यक्ष नोंद घेतात आणि पुढचा विषय पुकारतात.